मशीन मॉनिटरिंगचं सबस्क्रिप्शन आत्ता घ्यावं की थांबावं? छोट्या सीएनसी शॉपसाठी सल्ला हवाय

भोसरी_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. आमचं भोसरी एमआयडीसीत सीएनसी-व्हीएमसीचं (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशिनींवर दुसऱ्यांचे पार्ट करून द्यायचं) जॉबवर्क आहे, ११ मशिनी, त्यातल्या निम्म्या जुन्या फॅनुक कंट्रोलरवर, दोन सीमेन्स, बाकी नवीन. चाकणच्या एका टियर-वन (गाड्यांच्या कंपन्यांना थेट माल देणाऱ्या) कस्टमरने यंदाच्या ऑडिटला विचारलं की तुमचा ओईई (मशीनचा खरा वापर किती टक्के होतो तो आकडा) कुठे दिसतो, रोजची एक्सेल शीट दाखवली तर म्हणाले पुढच्या वेळी लाइव्ह पाहिजे. तेव्हापासून सारखा कोणी ना कोणी आयओटीवाला (मशीनला बॉक्स लावून तिचा डेटा नेटवर दाखवणारा) येऊन बसतोय. सगळ्यांचं बोलणं एकच, बॉक्स जवळपास फुकट, मग मशीनमागे महिन्याला भाडं, डेटा त्यांच्या क्लाउडवर. वडिलांचं म्हणणं ज्याचं भाडं कधी संपत नाही ते घ्यायचंच नाही. मला वाटतं घ्यायला पाहिजे पण हे मार्केट नक्की कुठे चाललंय तेच कळेना, दोन-तीन वर्षं थांबलो तर स्वस्त होईल का, आणि घेताना बघायचं काय? ज्यांनी शॉपफ्लोअरवर प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी प्लीज सांगा.

पॅनलवाला

थांबून स्वस्त काय होणार ते आधी बघा. हार्डवेअर आधीच स्वस्त झालंय. ईएसपी३२ सारखी चिप २०१६ ला आली, वायफाय-ब्लूटूथ सगळं आत, आणि बोर्ड काही शे रुपयात मिळतो. मधे २०२१ ला चिपची टंचाई झाली तेव्हा सिमवाले मॉड्यूल महाग झाले होते, मिळत पण नव्हते, आता तसं नाही. म्हणून तर बॉक्स फुकट देणं त्यांना परवडतं. पैसा गेलाय सॉफ्टवेअर आणि सर्व्हिसमधे, मोठे पण तिकडेच पळतायत, ऑटोमेशनवाल्या रॉकवेलने २०२१ मधे प्लेक्स ही क्लाउडवरचं एमईएस (प्रॉडक्शनची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) विकणारी कंपनी २२२ कोटी डॉलरला घेतली. तेव्हा भाडं हा प्रकार जाणार नाहीये, तुमच्या वडिलांना तसं स्पष्ट सांगा.

पण दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. गुगलने क्लाउड आयओटी कोअर ही अशा बॉक्सचा डेटा घेणारी सेवा ऑगस्ट २०२३ मधे बंद केली, वर्षभराची नोटीस देऊन. आयबीएमने त्यांचा वॉटसन आयओटी प्लॅटफॉर्म त्याच डिसेंबरला बंद केला. एवढ्या मोठ्या कंपन्या जर दुकान बंद करू शकतात तर तुमच्याकडे येणारा दहा जणांचा स्टार्टअप उद्या नसेल हे धरूनच चाला. मी त्यांच्या विरोधात नाही, उलट आपल्या मशिनी त्यांना जास्त कळतात, फोन केला की माणूस येतो. फक्त सही करायच्या आधी विचारा: डेटा रोजच्या रोज आमच्या पीसीवर किंवा आमच्या डेटाबेसमधे पडेल का, बॉक्स एमक्यूटीटी किंवा ओपीसी यूए (डेटा पाठवायच्या, कुणा एका कंपनीच्या नसलेल्या खुल्या पद्धती) बोलतो का, आणि तुमचं बंद पडलं तर हाच बॉक्स दुसऱ्याच्या सर्व्हरकडे वळवता येईल का. जो या तिन्हींना लेखी हो म्हणेल त्याच्याकडूनच घ्या, मग शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील. डॅशबोर्डचे रंग बघून कोणी फसू नये एवढंच कळकळीने सांगतोय.

जुन्या फॅनुकचं म्हणाल तर कंट्रोलरला ईथरनेट असेल तर फोकासने (डेटा वाचायच्या फॅनुकच्याच सॉफ्टवेअरने) सगळं वाचता येतं, प्रोग्राम नंबर, पार्ट काउंट, अलार्म, ओव्हरराइड. नसेल तर टॉवर लॅम्पचा (मशीनवरच्या लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्याचा) सिग्नल घ्या आणि स्पिंडलच्या केबलला सीटी (करंट मोजायची कॉइल) लावा. चालू, बंद, अलार्म, सायकल, एवढं मिळतं आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. त्याच्यासाठी कंट्रोलर रेट्रोफिट करा (जुना काढून नवा बसवा) म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

फाउंड्री_कोल्हापूर

दादा मी तुमच्या लाइनचा नाही, आमची शिरोलीला फाउंड्री आहे, पण एक सांगतो. आम्ही ओईई वगैरेच्या मागं लागलोच नाही, आधी विजेचं बघितलं. इंडक्शन फर्नेसला टनामागं साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात, आणि एचटीचं (हाय टेन्शन कनेक्शनचं) बिल नुसत्या युनिटवर नाही तर केव्हीएएचवर असल्यामुळं पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली कामाला आलेली किती ते प्रमाण) जरा पडला की थेट खिशाला लागतं. फर्नेसच्या एनर्जी मीटरला आरएस४८५ (डेटाची वायर जोडायची सोय) होतंच, मॉडबसने (मीटर वाचायच्या नेहमीच्या पद्धतीनं) वाचायचं आणि हीट नंबरसोबत (प्रत्येक मेल्टच्या नंबरसोबत) नोंदवायचं, बाकी काही नाही. तर दिसलं काय, मेटल तयार होऊन नुसतं थांबलेलं असायचं, कधी स्पेक्ट्रोचा (मेटलच्या केमिस्ट्री तपासणीचा) रिपोर्ट यायचा असतो, कधी मोल्डिंगची लाइन मागं असते, आणि तेवढा वेळ तापमान धरून ठेवायला युनिट जळत राहतात. हे सगळ्यांना माहीत होतंच की, पण कुठल्या शिफ्टला किती ते कुणीच सांगू शकत नव्हतं. आता मोल्डिंगवाला आणि मेल्टरवाला एकाच स्क्रीनकडं बघून बोलतात. तुमच्याकडं कॉम्प्रेसरचं बघा, रविवारी शॉप बंद असताना तो किती ओढतो तेवढंच बघा आधी.

टियरवन_एसक्यूए

मी कस्टमरच्या बाजूने बोलतो. ऑडिटला लाइव्ह म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा टीव्हीवरचा डॅशबोर्ड नको असतो, हवी असते ट्रेसेबिलिटी, म्हणजे हा पार्ट कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, कुठल्या टूलवर झाला. तुमच्या कस्टमरला नीट विचारून घ्या, नाहीतर ११ मशिनींना बॉक्स लावाल आणि पुढच्या ऑडिटला वेगळाच मुद्दा निघेल. बाकी पुण्यात सीफोरआयफोर लॅब आहे, केंद्राच्या समर्थ उद्योग योजनेतली, लहान उद्योगांनाही मदत करते ती. कुठल्याही विक्रेत्याच्या डेमोआधी तिथे एक चक्कर मारा.

ओटी_सिक्युरिटी

दोन गोष्टी राहिल्या. सिमवाला बॉक्स घेणार असाल तर टूजीचा घेऊ नका, जिओकडे टूजी नाहीच, आणि बाकीच्यांकडे किती वर्षं राहील त्याच्यावर तुमची मशीन अडकवू नका. दुसरं म्हणजे तो बॉक्स अकाउंटच्या पीसीच्या नेटवर्कवर टाकू नका. वेगळा राउटर किंवा व्हीलॅन (त्याच नेटवर्कचा वेगळा केलेला भाग), आणि डेटा फक्त बाहेर जाणारा, बाहेरून आत येणारं सगळं बंद. जेएलआरचं (टाटांच्या जग्वार लँड रोव्हरचं) काय झालं बघितलंत ना, २०२५ च्या ऑगस्टअखेर सायबर हल्ला झाला, सिस्टिम बंद कराव्या लागल्या आणि अख्खा सप्टेंबर गाड्या बनल्या नाहीत. ब्रिटिश सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली, कारण सप्लाय चेनमधले आपल्यासारखेच छोटे सप्लायर बुडायला आले होते. हा प्रकार टाटांच्या एवढ्या मोठ्या कंपनीत घडला, आपल्याकडे तर आयटीचा माणूसही नसतो. विक्रेता टीमव्ह्यूअर (लांबून तुमचा पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) कायम चालू ठेवा म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

भोसरी_जॉबवर्क

खूप खूप आभार सगळ्यांचे. कस्टमरला ट्रेसेबिलिटीचं विचारतो उद्याच. पॅनलवाला सर एक शंका, मशीन थांबलं हे बॉक्स सांगेल पण का थांबलं हे कोण सांगणार? आमच्याकडे दोन मशीनला एक ऑपरेटर आहे, तो टॅबवर टायपिंग करत बसणार नाही.

पॅनलवाला

बरोबर शंका आहे, आणि बहुतेक ठिकाणी सिस्टिम इथेच मरते. टॅब नकोच. मशीनवर चार-पाच मोठी पुशबटणं लावा: टूल, मटेरियल नाही, सेटिंग, इन्स्पेक्शनची वाट, मेंटेनन्स. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तरच दिवा लागावा आणि एक बटण दाबायचं, हातमोज्यासकट दाबता आलं पाहिजे. कुठली बटणं ठेवायची ते ऑपरेटरांनाच बसवून ठरवा. आणि त्यांना पहिल्या दिवशीच सांगा की याच्यावरून कोणाचा पगार कापला जाणार नाही, आणि ते खरंच पाळा, नाहीतर सगळी कारणं "मटेरियल नाही" अशीच येतील. सुरुवात दोनच मशीनवर करा, ज्यांच्यावर लोड सर्वात जास्त आहे त्या.