भाडं, भाव, मजुरी : इंग्रजी बिलात कोणता शब्द लिहायचा?

प्रश्न : राम राम. शेतकरी गटाची बिलं इंग्रजीत लिहायची आहेत. ट्रॅक्टरचं भाडं, एसटीचं तिकीट, कापूस वेचाई, माती तपासणी, सगळीकडे 'प्राइस' चालेल का?

उत्तर १ : नाही जी. विकत घेतलेल्या वस्तूचीच प्राइस. खरी गफलत 'भाडं' या शब्दाची. आपल्याकडे तो एकच, इंग्रजीत चार. एसटीत माणूस बसला तर फेअर. ट्रकमध्ये संत्र्याचे क्रेट गेले तर फ्रेट. गोदामाचं महिन्याचं भाडं रेंट. रोटावेटर तासावर आणला तर हायर चार्जेस. फेअरचं स्पेलिंग एफ-ए-आर-ई. रास्त भाव दुकानाच्या 'फेअर प्राइस शॉप'मधला फेअर एफ-ए-आय-आर.

उत्तर २ : भाऊ, प्राइस आणि कॉस्टही वेगळे ठेवा. कापसाचा हमीभाव ही प्राइस. बियाणं, खत, फवारणी, निंदण मिळून लागलेला खर्च ही कॉस्ट. हे दोन रकाने मिसळले की नफा किती तेच कळत नाही. आणि 'प्राइस इज कॉस्टली' लिहू नका. वस्तू कॉस्टली असते, प्राइस हाय असते.

उत्तर ३ : वेचाई किलोवर दिली तरी वेजेसच; 'पिकिंग वेजेस, इतके किलो, इतका दर' असं लिहा. सॅलरी महिन्याच्या नोकराची. माती तपासणीची टेस्टिंग फी, बाजार समितीची मार्केट फी. हमालीला लोडिंग चार्जेस लिहा, पण पोती उतरवली असतील तर अनलोडिंग.