मोकळ्या रंगमंचावर जागा कोण उभी करतं, संवाद की आवाज?

रिकामीखुर्ची:
मंडळी, एक दीर्घांक बसवतोय. सेट अजिबात नाही, एक खुर्ची आणि दोन नट. गोष्ट मात्र तीन ठिकाणी घडते, बंद पडलेली लिफ्ट, समुद्रकिनारा आणि आई गेल्यानंतरचं घर. ध्वनी बघणारा मित्र म्हणतोय प्रत्येक ठिकाणचा आवाज रेकॉर्ड करून सीनभर खाली चालू ठेवू, लोकांना लगेच कळेल. मला ते पटत नाहीये, संहितेत वर्णन आहेच मग वर लाटा कशाला, पण लाटा काढल्या की सीन कोरडा पडतो हेही खरंय. तुम्ही कसं ठरवता?

विंगेतला:
सीनभर लाटा लावल्यास तर थोड्या वेळाने कान त्या ऐकणंच सोडून देतात, आणि नटाला मात्र उगाच आवाज चढवावा लागतो. किनाऱ्यासाठी अंतर हवं. एकच लाट प्रेक्षकांच्या मागच्या स्पीकरमधून सोड आणि नटाला बोलता बोलता तिकडे बघू दे, समुद्र किती लांब आहे ते त्याच्या नजरेवरून ठरतं. लिफ्टमधे तर इफेक्ट लावूच नको, कॉलर माईक देऊन नटांच्याच आवाजाला अगदी छोट्या खोलीचा रिव्हर्ब दे, म्हणजे भिंतींवरून परत येणारा घुमारा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे लिफ्टच्या भिंतीवरून तो काही मिलिसेकंदांत परत येतो, मोठ्या हॉलमधे बराच उशिरा. त्यावरूनच आपल्याला जागेचा आकार कळतो, डोळे मिटलेले असले तरी.

शब्दखूण:
हे सगळं मान्य पण संहितेचं काम यात राहिलं. नुसती खरखर ऐकवली तर कोणाला पाऊस वाटेल, कोणाला रेडिओ, कोणाला लांबून येणाऱ्या टाळ्या. नटाने विचारलं "छत्री आणलीस का?" की तोच आवाज पाऊस होतो. म्हणून आवाज आधी, वाक्य नंतर. वाक्य आधी आलं तर प्रेक्षकाला शोधायला काही उरतच नाही. आणि वर्णनं काप रे, समुद्र कसा दिसतो हे पात्राने सांगायचं नाही, चपला हातात घेऊ का एवढं विचारलं तरी पुरे.

कानसेन:
मला वाटतं आवाज खरा असण्याचाच हट्ट सोडावा. सॅम्युअल बेकेट या नाटककाराच्या 'ऑल दॅट फॉल'मधे, १९५७ चं बीबीसीचं रेडिओ नाटक, गाईगुरांचे आवाज माणसांनी काढले होते आणि त्यामुळे ते गाव नाटकातल्या मुख्य म्हातारीच्या डोक्यातलं वाटतं, नकाशावरचं नाही. कॉम्प्लिसिटे या ब्रिटिश नाट्यसंस्थेचं 'द एन्काउंटर' (२०१५) तर याच्याही पुढे जातं. रंगमंचावर माणसाच्या डोक्याच्या आकाराचा बायनॉरल माईक (दोन्ही कानांच्या जागी वेगवेगळा आवाज टिपणारा), प्रेक्षकांच्या कानाला हेडफोन, आणि त्यांचा नट-दिग्दर्शक सायमन मॅकबर्नी तुमच्यासमोर पाण्याची बाटली हलवून नदी करतो, व्हिडिओ कॅसेटची टेप कुरकुरवून जंगलातला पाचोळा. बाटली डोळ्यांना दिसत असते तरी कान ॲमेझॉनमधेच! फसवणूक उघड केली तरी जागा मोडत नाही, उलट प्रेक्षक ती स्वतः बांधायला लागतो. तुझ्याकडे नटाचे हात आहेत, खुर्ची आहे, तिथून काय काय आवाज निघतात ते आधी बघ, मग रेकॉर्डिंगकडे वळ.

रिकामीखुर्ची:
खुर्चीचा लिफ्टच्या सीनला वापर होईल, पाय घासला की लोखंडी आवाज येतो तिचा. छत्रीचं पण पटलं, वर्णनं आजच कापतो. पण घराचं काय करू? तिथे काहीच ऐकू येत नाही हेच ऐकवायचंय, आणि नुसता आवाज बंद ठेवला तर प्रेक्षकांचा खोकला ऐकू येतो.

विंगेतला:
मग कान सवयीचा आवाज विसरतात तेच वापर ना. फ्रिजची घरघर अगदी हळू, सीन सुरू व्हायच्या आधीपासूनच चालू ठेव, कोणी लक्ष देणार नाही. मधे एका वाक्याच्या अर्ध्यात ती बंद कर. घरघर होती हे लोकांना ती थांबल्यावरच कळेल.

शब्दखूण:
सुंदर! फक्त त्यावर संवाद नको, "लाईट गेली वाटतं" वगैरे अजिबात नको. आणि प्रकाशयोजनेवाल्याला आत्ताच सांगून ठेव, त्या क्यूला लाईट हलवायचा नाही, नाहीतर लोकांना वाटेल सीन संपला आणि टाळ्या येतील.