रात्रभरात ०.५० वरून ०.४६ बार: कस्टम लूपला लीक आहे की नाही?

रंकाळा_रिग:
मंडळी, पहिलाच कस्टम लूप, म्हणजे कॉम्प्युटर पाण्यानं गार ठेवायला स्वतः जोडलेली व्यवस्था. अजून पाण्याचा थेंबही घातलेला नाही, आधी हवेनं तपासतोय. पार्ट असे: डी-५ मॉडेलचा पंप आणि रिझर्व्हॉयरचा (पाण्याच्या टाकीचा) कॉम्बो, ३६० मिमीचे दोन रेडिएटर, सीपीयू ब्लॉक, जीपीयू ब्लॉक (चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात देणारे), १०/१६ मिमीची ईपीडीएम रबराची नळी, बारा कॉम्प्रेशन फिटिंग, दोन नव्वद अंशाचे रोटरी (फिरणारी वळण-फिटिंग), खाली ड्रेनला बॉल व्हॉल्व्ह. आतली एकूण जागा अंदाजे १ लिटर. टेस्टर म्हणजे हातपंप, ० ते १ बारचं गेज आणि मोटारसायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असलेला साधा सेट.

संध्याकाळी ६ ला ०.५० बार भरलं, खोलीत ३३ अंश होतं. सकाळी साडेसहाला ०.४६, खोलीत २६ अंश. हा लीक धरायचा का? आणि शिरोलीतला मित्र म्हणतोय, "कॉम्प्रेसर आणतो, दोन केजी (जवळपास दोन बार) मारू, लीक आपोआप बोलंल." मारायचं का?

उद्यमनगर_फिटर:
कॉम्प्रेसरचं आधी. नको भावा, अजिबात नको.

रिझर्व्हॉयरचं झाकण ६० मिमीचं धर. क्षेत्रफळ २८ चौरस सेंटीमीटर. ०.५ बारला त्यावर आतून १४ किलोचा जोर येतो. दोन केजीला तोच ५६ किलो. आणि गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत सात-आठ बार असतात. रेग्युलेटर चिकटला तर झाकणावर सव्वादोनशे किलो. ॲक्रिलिक वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतं. पाण्याचा दाब असता तर तडा गेल्यावर पाणी सांडून विषय संपला असता. दाबलेली हवा तुकडे उडवते. ०.५ बारलासुद्धा ॲक्रिलिकच्या समोर तोंड नेताना गॉगल घालायची सवय लाव.

शिवाय इतक्या दाबाची गरजच नाही. डी-५ पंप तोंड पूर्ण बंद केलं तरी चार मीटरच्या आसपास पाणी चढवतो, म्हणजे ०.४ बारच्या आत. डीडीसी हा दुसरा पंप थोडा जास्त, अर्ध्या बारच्या आसपास. त्यामुळे ०.४ ते ०.५ बार पुरेसं, ०.६ च्या वर जायचं कारण नाही. आपल्या पार्टच्या माहितीपत्रकात याहून कमी लिहिलं असेल तर तेच खरं.

लूपमध्ये पाणी असताना ही टेस्ट करू नका, हेही जाता जाता सांगतो. हवा पाण्याला ढकलते आणि लीक असेल तर तीच हवा पाणी मदरबोर्डवर नेऊन सोडते.

गेजवाला:
आता काट्याचं बघू. गेज सांगतं तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. वायूचा नियम मात्र एकूण दाबाला लागतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणून इथं बाहेरची हवा साधारण ०.९५ बार. त्यात तुझे ०.५० मिळवले की १.४५ बार. तापमान केल्व्हिनमध्ये: ३३ अंश म्हणजे ३०६, २६ अंश म्हणजे २९९.

१.४५ × २९९ ÷ ३०६ = १.४१७. त्यातून ०.९५ वजा कर, ०.४६७ राहतात.

म्हणजे ४० मिलीबारपैकी ३३ नुसत्या खोली गार होण्यानं गेले. लक्षात ठेवायला सोपं: अर्ध्या बारच्या टेस्टला एका अंशामागं जवळपास ५ मिलीबार. एप्रिल-मे मध्ये दुपारी भरून पहाटे बघणाऱ्याला लीक दिसणारच, आणि पहाटे भरून दुपारी बघणाऱ्याला खरा लीकसुद्धा दिसणार नाही. हे दुसरं जास्त घातक.

उरले ७ मिलीबार. मऊ नळी दाबाखाली हळूहळू फुगते, तिच्यात आतली जागा वाढते. शिवाय भरताना हवा दाबली जाऊन थोडी तापते आणि पहिल्या चार-पाच मिनिटांत गार होते. म्हणून भरल्यावर दहा मिनिटं थांबायचं, परत ०.५० करायचं आणि तिथून घड्याळ लावायचं. अर्धा तास पंखा-एसीला हात लावू नका. काचेवर बोटानं हलकी टिचकी मारूनच वाच, स्वस्त गेजचा काटा अडकतो.

एकच आकडा बघून निकाल देऊ नका. दर दहा मिनिटांनी लिहून ठेवा. तापमान आणि नळी यांच्यामुळे होणारी घट आधी जास्त, मग मंद होत थांबते. लीक थांबत नाही. एकाच चालीनं खाली जात राहतो.

आत्ता करण्यासारखं एक काम: हवा तशीच ठेव, काही सोडू नको. दुपारी खोली परत ३३ ला आली की वाच. ०.५० च्या जवळ आला तर गेलेली हवा फार नाही.

पेठेतला_पंप:
कशाला एवढं गणित. पाणी भरा, सगळीकडं टिश्यू ठेवा, चोवीस तास फक्त पंप चालवा. आम्ही तसंच करत आलोय.

उद्यमनगर_फिटर:
@पेठेतला_पंप, ते करायचंच आहे, पण नंतर. हवेच्या टेस्टमध्ये चूक सापडली तर पाना घेतला की काम झालं. पाण्यात सापडली तर लूप रिकामा करा, ब्लॉक पुसा, जीपीयूची बॅकप्लेट खोलून वाळवा. उलट बाजूही खरी आहे: गरम पाण्यात पेटजी प्लास्टिकची कडक नळी मऊ होऊन फिटिंगमधून सरकते, ती गोष्ट गार हवेत कळत नाही. हवा आधी, पाणी नंतर. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही.

रंकाळा_रिग:
दुपारी ३ ला खोली ३३, काटा ०.४८. म्हणजे एकवीस तासांत २० मिलीबार. नळी फुगली म्हणून सोडून द्यायचं?

गेजवाला:
सोडू नको, पण लूपही खोलू नको. ताशी १ मिलीबार. १ लिटरच्या जागेत म्हणजे तासाला साधारण १ मिलीलिटर हवा बाहेर. नळी किंवा टेस्टर, दोन्हीवर संशय. टेस्टर आधी तपास, ते सोपं. लूपपासून सोडव, तोंडाला स्टॉप प्लग लाव, ०.५० भर आणि तासभर बघ. टेस्टरच्या आतली जागा जेमतेम २० मिलीलिटर, त्यामुळे तेवढाच लीक तिथं पन्नासपट मोठा दिसेल.

रंकाळा_रिग:
टेस्टर एकटा: तासात ०.५० वरून ०.४५. खोली तेवढीच.

गेजवाला:
२० मिलीलिटर × ०.०५ बार = १. तुझ्या लूपमध्ये १००० मिलीलिटर × ०.००१ बार = १. दोन्ही आकडे एकच. लूप बहुधा घट्ट आहे, गळतोय तो टेस्टर. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेव, बुडबुडा हळूहळू फुगताना दिसेल. पंक्चरच्या दुकानातून मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची पिन आणून बदल. तिथं बुडबुडा नसला तर गेजच्या मागचा थ्रेड बघ.

सर्जिकल_जुगाड:
मध्येच घुसतो. ज्यांना टेस्टर घ्यायचाच नाही त्यांनी डायलचं बीपी मशीन बघा. ३०० मिमी पारा म्हणजे बरोबर ०.४० बार, आणि एक खूण २ मिमीची, म्हणजे २.७ मिलीबार. ० ते १ बारच्या साध्या गेजपेक्षा कितीतरी बारीक वाचन. २८० पर्यंत भरा, ०.३७ बार होतात. त्यात आपोआप मर्यादाही आहे; हाताच्या बल्बनं कितीही दाबलं तरी झाकण उडेल एवढा दाब यायचा नाही.

दोन गोष्टी सांभाळा. कफला दोन नळ्या असलेलंच घ्या, एक बल्बची आणि एक डायलची. बल्ब आणि डायल एकत्र जोडलेलं मशीन इथं चालत नाही, कारण बल्बचा स्क्रू व्हॉल्व्ह थोडा झिरपतो. बीपी बघायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तिथं कुणी पर्वा करत नाही. आपल्याला बल्ब छोट्या बॉल व्हॉल्व्हनं तोडता आला पाहिजे आणि डायल लूपच्या बाजूला राहिली पाहिजे. लूपशी जोडायला न्यूमॅटिकचं फिटिंग लागतं, ते उद्यमनगरात मिळेल.

उद्यमनगर_फिटर:
त्या फिटिंगबद्दल सांगायलाच पाहिजे. दुकानात नुसतं "पाव इंची" मागितलं तर टेपर (निमुळत्या) थ्रेडचं हातात येऊ शकतं. वॉटर कूलिंगचे पोर्ट जी १/४ पॅरलल, म्हणजे सरळ थ्रेडचे. तिथं थ्रेड सील करत नाही, खांद्याखालची ओ-रिंग (रबरी कडी) करते. टेपर थ्रेड ॲक्रिलिकमध्ये पाचरीसारखा घुसतो आणि पोर्ट फाटतो. टेफ्लॉन टेप गुंडाळला तरी तेच. पॅरलल, ओ-रिंगवालंच मागा, हातानं आवळा, मग वाटलं तर पाव फेरा. गेज मागताना ० ते १ केजीचं सांगा. सात केजीचं गळ्यात मारतील, त्यात अर्धा केजी म्हणजे काटा जेमतेम उठतो.

आता ज्यांचा लूप खरंच गळतोय त्यांच्यासाठी. सगळ्या फिटिंगवर साबण फासत बसू नका, लूप अर्ध्यात तोडा. मधलं एक फिटिंग काढून दोन्ही तोंडं प्लग करा आणि एकेक बाजू तपासा. काटा पडेल ती बाजू परत अर्धी. जागा कमी होत जाते तसा तोच लीक काट्यावर मोठा दिसत जातो, आत्ता टेस्टरच्या बाबतीत बघितलंत तसा.

काटा बघत बघत प्रत्येक नळी हलक्या हातानं इकडं-तिकडं वाकवा. रोटरीच्या आत स्वतःची ओ-रिंग असते. सरळ असताना ती धरते आणि नळीचा ताण बाजूनं आला की सोडते. हलवल्यावर काटा थरथरला तर रोटरीच बदला, आवळून उपयोग नाही. भरल्या-भरल्या अर्ध्या मिनिटात सगळी हवा गेली तर बहुतेक वेळा ओ-रिंग नसलेला प्लग, जीपीयू ब्लॉकच्या मागच्या बाजूचं विसरलेलं पोर्ट, किंवा रिझर्व्हॉयरचं श्वास घेणारं झाकण. काही झाकणांना दाब सोडायचा पडदा असतो, टेस्टपुरता तिथं साधा प्लग लावा. ब्लॉक धुवून परत जोडला असेल तर मोठी गॅस्केट खोबणीतून सटकलेली असते, एका कोपऱ्यात चिमटते.

हार्ड नळीवाल्यांनी कापलेली कड आतून-बाहेरून घासायची. धारदार कड आत ढकलताना ओ-रिंगचा केसासारखा पातळ काप काढते. नळी ओढून बघा, ओ-रिंगवर चंद्रकोरीसारखा चट्टा सापडतो. सरकायला पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरा. व्हॅसलीन नको, पेट्रोलियमनं ईपीडीएम फुगतं.

रंकाळा_रिग:
पिन बदलली. टेस्टर एकटा तासभर हलला नाही, लूपही अर्धा तास ०.५० ला चिकटून. आज भरतोय. भरताना काय बघू?

गेजवाला:
आधी हवा हळू सोड, मगच टेस्टर फिरवून काढ. पंप कोरडा अजिबात फिरवू नको, डी-५ चं बेअरिंग पाण्यावरच वंगण घेतं. रिझर्व्हॉयर भर, पंप काही सेकंद चालू, पातळी उतरली की बंद, परत भर. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डच्या पॉवर केबल काढून ठेव. पॉवर सप्लाय बंद असताना त्याच्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला जोड, मग सप्लाय चालू कर. एकटा पंप फिरेल.

आणि टाकी काठोकाठ भरू नको. १ लिटर पाणी २५ वरून ५० अंशाला गेलं की ९ मिलीलिटरनं वाढतं. मे महिन्यातल्या दुपारी, खोली ३८ ला आणि गेम चालू, पाणी पन्नाशीला टेकणं अवघड नाही. झाकण घट्ट आणि वर फक्त २० मिलीलिटर हवा असेल तर ती ११ मध्ये दाबली जाते. गेजवर ०.९ बार दिसतील. नळी फुगून थोडं कमी करेल, तरी टेस्ट केली त्याच्या वरच. ५० मिलीलिटर हवा ठेवलीस तर तोच आकडा ०.३. बुडबुडे निघून गेल्यावर पातळी परत बघ, ती उतरलेली असेल. तेव्हाच शेवटचं भर आणि वर दोन बोटं जागा सोड.