मदत हवी आहे: सीईटीनंतर मैत्रिणी उत्तरं जुळवत बसल्यात, त्यावरून पर्सेंटाइलचा अंदाज येतो का?

मोगरा:
माझ्या मुलीचा इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुपचा पेपर झाला. आम्ही परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, केंद्र नांदेडला आलं होतं. बाहेर आली तेव्हा चांगली खुशीत होती. "गणित लांबलचक होतं, पण एकही प्रश्न सोडला नाही," म्हणाली. रात्री मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उत्तरं जुळवणं सुरू झालं आणि तिथून पोरीचा नूरच पालटला.

ग्रुपमधल्या कुणाचं सत्र सकाळचं, कुणाचं दुपारचं, काहींचा पेपर तर वेगळ्याच दिवशी. परीक्षा संगणकावर, त्यामुळे प्रश्नपत्रिका हातात नाही. सगळा कारभार आठवणीवर. तरी हिने वही घेतली आहे आणि जिथे उत्तर जुळत नाही तिथे स्वतःचेच गुण कापत चालली आहे. फिजिक्स-केमिस्ट्रीचा एकेक गुण ती सोसते, पण गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा, तिथे काट मारली की गप्प होते. पुण्याचं सरकारी कॉलेज गेलं असं तिने धरूनच टाकलंय. जेवणावर लक्ष नाही, रात्री उशिरापर्यंत जागी असते.

हे म्हणतात, फोन काढून घे. मला ते पटत नाही. याच मैत्रिणींसोबत दोन वर्षं अभ्यास केलाय, त्यांच्यापासून तोडून कसं चालेल?

जाणकारांनी सांगावं: अशा जुळवाजुळवीतून पर्सेंटाइल कळतं का? उत्तरतालिकेत चूक वाटली तर काय करायचं? आणि तोवर पोरीला कसं सांभाळायचं?

गोदाकाठ:
ताई, बरीच वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवतो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सीईटीचा निकाल गुणांवर लागत नाही, पर्सेंटाइलवर लागतो, आणि पर्सेंटाइल सत्रापुरतं काढतात. तुमच्या मुलीच्या सत्रात तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण असलेले विद्यार्थी किती, त्याला त्या सत्राला बसलेल्या एकूण विद्यार्थ्यांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. एवढंच. मग दुपारच्या सत्रातल्या मैत्रिणीला हिच्यापेक्षा ८ गुण जास्त पडणार असतील, तरी ती पुढे आहे असं म्हणता येत नाही. तिचा पेपर सोपा असेल तर तिच्या सत्रात सगळ्यांनाच जास्त पडलेले असतील. अवघड सत्रात कमी गुणांवरही पर्सेंटाइल चांगलं येतं. वेगवेगळ्या सत्रांतल्या मुलींनी गुणांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही, हे तिला कागदावर आकडे मांडून दाखवा.

एकाच सत्रातल्या दोघींमध्येही प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम बदललेला असू शकतो. "३४ व्याचं बी आलं का?" हा प्रश्नच चुकीचा. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे तिने एकही प्रश्न सोडला नाही हे शहाणपणाचं केलं. अंदाजाने लावलेलेही काही बरोबर येतात, ते तिच्या वहीत कुठेच धरलेले नाहीत.

रानजाई:
मी सीईटी देऊन इंजिनीअरिंगला आहे. सरांचं पटलं, पण एक बाजू राहिली. उत्तरं ताडून बघणं दरवेळी वाया जात नाही. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या इंग्रजी पेपरमधले २१ प्रश्न चुकीचे निघाले होते. मुलांनी आणि पालकांनी आवाज उठवला म्हणून ५ मे ला त्या सत्राची फेरपरीक्षा झाली. तेव्हा प्रश्नच चुकलाय असा संशय असेल तर जरूर बोलावं. आपलं उत्तर चुकलं का, हे आठवणीवरून शोधण्यात मात्र जीव जातो. काकू, तिला हा फरक सांगा.

मोगरा:
दोघांचेही आभार. एका प्रश्नावरून ग्रुपमध्ये फार वाद झालाय. साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं इंटिग्रेशन होतं म्हणे. हिचं उत्तर साइन वर्ग एक्स भागिले २, तिच्याच सत्रातल्या मैत्रिणीचं वजा कॉस २एक्स भागिले ४. क्लासच्या सरांनी म्हणे दुसरं बरोबर सांगितलं. ही म्हणते दोन्ही उत्तरं पर्यायांत होती, मैत्रीण म्हणते नव्हती.

गोदाकाठ:
ताई, दोन्ही बरोबर आहेत! कॉस २एक्स म्हणजे १ वजा २ साइन वर्ग एक्स. ते मैत्रिणीच्या उत्तरात घाला, साइन वर्ग एक्स भागिले २ वजा पाव एवढं उरतं. तो पाव इंटिग्रेशनच्या शेवटी लिहितात त्या सी मध्ये, म्हणजे स्थिरांकात, जिरतो. हवं तर तिला एक्सच्या जागी ० आणि मग ९० अंश घालून बघू द्या, दोन्ही वेळा उत्तरांत नेमका पावचाच फरक येईल. याच प्रश्नाचं वजा कॉस वर्ग एक्स भागिले २ हेही उत्तर चालतं.

आता खरोखरच दोन्ही पर्याय छापलेले असतील तर प्रश्न सदोष आहे, आणि नसतील तर दोघींपैकी एकीला पर्याय नीट आठवत नाहीये. हे व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच सुटणार नाही. परीक्षा घेणारं सीईटी सेल उमेदवाराच्या लॉगिनमध्ये प्रश्न, पर्याय, तिने निवडलेलं उत्तर आणि सेलचं उत्तर दाखवतं, तेव्हा पाच मिनिटांत सुटेल. ही सोय थोडेच दिवस उघडी असते, म्हणून संकेतस्थळावरच्या सूचना रोज बघत जा.

सेलच्या उत्तरावर ऑब्जेक्शन, म्हणजे आक्षेप, घ्यायला आतापर्यंत एका प्रश्नाला १००० रुपये पडत आले आहेत आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून तिचं उत्तर तालिकेशी जुळत असेल तर पैसे घालू नका, तिचा काही फायदा नाही. जुळत नसेल आणि गणित वरच्यासारखं चोख मांडता येत असेल, तरच टाका. बालभारतीच्या पुस्तकातलं संबंधित पान हाताशी ठेवा. आक्षेप मान्य झाला तर दुरुस्ती त्या सत्रातल्या सगळ्यांना लागू होते, त्यामुळे एकाच सत्रातल्या मैत्रिणींनी मिळून एकच ऑब्जेक्शन भरलं तरी पुरतं.

सुगरण_नाशिक:
मोगराताई, गणितातलं मला कळत नाही, झोपेबद्दल लिहिते. माझा मुलगा परीक्षेनंतर असाच रात्र रात्र जागायचा. फोन हिसकावू नका, तुमचं बरोबर आहे. आम्ही एवढंच ठरवलं होतं की रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांचे फोन, आमचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत. निकालाचा विषय त्यानेच काढला तर बोलायचं. तिचं खाणं-झोपणं असंच राहिलं किंवा ती निराशेचं काही बोलू लागली, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आईनेही केला तरी चालतो.

मोगरा:
सरांचं उत्तर तिला वाचायला दिलं. ० आणि ९० घालून स्वतः करून बघितलं आणि लगेच मैत्रिणीला फोन लावला. दोघी बराच वेळ बोलत होत्या. वहीतल्या दुसऱ्या सत्रांच्या मुलींवरून मारलेल्या काटा तिने खोडल्यात, बाकीच्या तशाच आहेत. फोन बाहेर ठेवायचं आजपासून सुरू करतोय, हेही तयार झाले.

आणखी एक विचारते. आमच्या गावात नेट फार रखडतं. ऑब्जेक्शन भरताना पैसे कापले गेले आणि पान मध्येच अडकलं, असं कुणाचं झालंय का? तसं झालं तर काय करायचं? की सरळ परभणीला जाऊन भरावं?