४×४ इंटरव्हल: घड्याळातला आकडा धरायचा की दम?

रोजचा_फेरा
वय ५२, रोज पाऊण तास भरभर चालणं, औषध काही नाही. आता नॉर्वेवाल्यांचं ४×४ इंटरव्हल (चार मिनिटं जोरात, असं चार वेळा, मधे हळू चाल) सुरू केलंय. घड्याळ २२० वजा वय धरून कमाल ठोके १६८ सांगतं, म्हणजे ९० टक्के १५१. पहिल्या दोन मिनिटांत आकडा १३०च्या वर जात नाही. वेग वाढवला की तिसऱ्या फेरीतच पाय भरून येतात. चुकतंय कुठे? आणि नुसत्या चालण्यापेक्षा हृदयाला जास्त फायदा आहे का?

चढाचा_माणूस
चूक तिथेच, वेग वाढवण्यात. ठोके पायांच्या मागून येतात; पहिली दोन मिनिटं आकड्याकडे बघूच नका. चारही फेऱ्या एकाच वेगाने निघाल्या पाहिजेत, आणि ठोके शेवटच्या दोन मिनिटांत ९० टक्क्यांच्या आसपास आले की झालं. दोन-चार शब्द बोलता यावेत, सलग वाक्य नाही.

१० मिनिटं वॉर्म-अप, ४ मिनिटं जोर, ३ मिनिटं हळू चाल, अशा चार फेऱ्या; चौथ्या जोरानंतर मात्र थेट ५ मिनिटं सावकाश. एकूण ४० मिनिटं. ट्रेडमिल असेल तर ताशी ५.५ किमी कायम ठेवून ६ टक्के चढापासून सुरू करा, मग चढच वाढवत न्या. गुडघे धावण्यापेक्षा सुखी राहतात. कठड्याला लोंबकळू नका, चढाचा अर्धा उपयोग तिथेच जातो. संपल्यावर लगेच बसायचं नाही. रक्त पायांत साठून चक्कर येते.

नाडी_मोजा
२२० वजा वय हा ढोबळ आकडा. तनाका या संशोधकाच्या सूत्राने (२०८ वजा ०.७ × वय) तुमचे १७२ येतात, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांच्या सूत्राने (२११ वजा ०.६४ × वय) १७८. माणूस एक, कमाल ठोके तीन! शिवाय प्रत्येकात दहाएक ठोके इकडेतिकडे. मनगटावरचं घड्याळ कधीकधी पावलांचाच ताल ठोके म्हणून दाखवतं, म्हणून ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्या. बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) घेणाऱ्यांना मात्र ही सूत्रं लागूच नाहीत. त्यांनी स्ट्रेस टेस्टमधला (ईसीजी लावून व्यायाम करायला लावतात ती तपासणी) स्वतःचा आकडा धरावा.

आकडे_आणि_अर्थ
फायद्याबद्दल जरा थंड डोक्याने. २००७ मध्ये ट्रॉन्डहाइमला हृदय कमजोर झालेल्या २७ रुग्णांवर प्रयोग झाला. १२ आठवड्यांत ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता इंटरव्हलवाल्यांची ४६ टक्के वाढली, सलग मध्यम व्यायामवाल्यांची १४. गाजावाजा त्याचाच. पण २०१७ मध्ये तशाच २६१ रुग्णांवर, अनेक केंद्रांत पडताळणी झाली तेव्हा इंटरव्हल सरस ठरलं नाही. गंमत अशी की इंटरव्हल गटातले निम्मे लोक ठरल्यापेक्षा हळू, तर मध्यम गटातले बहुतेक ठरल्यापेक्षा जोरात व्यायाम करत होते. दोन्ही गट मधेच भेटले म्हणायचे.

तुमच्या वयाला जवळचा अभ्यास अमेरिकेतल्या डॅलसचा, २०१८चा. बैठ्या कामाच्या, ४५ ते ६४ वयाच्या लोकांनी दोन वर्षं आठवड्याला चार-पाच दिवस व्यायाम केला. क्षमता १८ टक्के वाढली, हृदयाचा ताठरपणा कमी झाला. त्यात ४×४ होतं, पण आठवड्यात एक-दोनदाच. बाकी दिवस सलग, मध्यम. तेव्हा चालणं सोडू नका, त्यातले दोन दिवस फक्त बदला.

चढाचा_माणूस
आणि त्या दोन दिवसांत किमान ४८ तासांचं अंतर. छातीत दाब आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर फेरी तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.