मदत हवी आहे: बाभळी-बोरीच्या फांद्यांपासून थारचा रंग कसा वाचवावा?

शिवारातला:

मंडळी, नमस्कार.

गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. शेत गावापासून तीन किलोमीटर. पहिला एक किलोमीटर डांबरी, पुढे सगळा गाडरस्ता. दोन्हीकडे बांध, बांधांवर बाभूळ, बोर, हिवर, आणि नाला उतरताना वेडी बाभूळ. मागच्या दिवाळीपर्यंत बोलेरो होती. नऊ वर्षं याच रस्त्याने नेली. इतकी ठोकलेली होती की नवा ओरखडा कोणता आणि जुना कोणता हे मलाही सांगता यायचं नाही. मग थार घेतली. काळी. (रंग पोराने पसंत केला. पोरगा आता पुण्यात, गाडी माझ्या गळ्यात.)

बोलेरोची रुंदी १७४५ मिलिमीटर, थारची १८२०. म्हणजे तीन इंच जास्त. तीन इंचांनी काय होतंय, असं वाटलं होतं. पण बोलेरो जिथून अंग चोरून निघायची, तिथे तीन इंच म्हणजे सरळ काट्यात.

पावसाळ्यानंतर तर फांद्या पार रस्त्यावर लोंबल्या आहेत. सगळ्यात वाईट बोरीची एक फांदी. आरसा तिला पुढे ताणत नेतो, मग ती सुटते आणि मागच्या पत्र्यावर चाबकासारखी बसते. रोज त्याच जागी, दाराच्या हँडलच्या चार बोटं मागे. काल मोजल्या, सात रेघा आहेत. काटा पत्र्यावरून जातानाचा तो आवाज ऐकला की माझेच दात आंबतात.

आतापर्यंत केलेले उद्योग:

ट्रकची जुनी ट्यूब उभी चिरून दोन्ही दारांवर दोरीने बांधली. ओरखडे थांबले. आठ दिवसांनी काढली तर आत धूळ शिरलेली, आणि रबर हलून हलून उजवं दार काचपेपर मारल्यासारखं धुरकट झालेलं. त्याआधी एका दुकानात सिरॅमिक कोटिंग करून घेतलं होतं. 'आता काही होत नाही' असं दुकानदार छातीठोक म्हणाला. विसाव्या दिवशी झालं. आता दुसरा एक जण पूर्ण गाडीला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, लावायचे लाखाच्या वर सांगतो. तेवढ्यात माझं ठिबक बदलून होईल.

तर विचारायचं असं, की पीपीएफ बाभळीच्या काट्याला टिकते का? चुंबकाचे पत्रे मिळतात म्हणे, दाराला चिकटवायचे, ते कुणी वापरलेत का? आणि परदेशी गाड्यांना पुढून टपापर्यंत तारा ताणलेल्या असतात, त्यांचा उपयोग होतो का?

फांद्या छाटा, असं कुणी म्हणेल. ती बोर चुलतभावाच्या बांधावर आहे. फांदी छाट म्हणायला आधी बोलणं पाहिजे, आणि बोलणं दोन वर्षांपासून बंद आहे.

पिंपळनेरकर:

भाऊ, गाडी लिधी ते ओरखडा बी लिधाच समज. आते रडीसन काय फायदा! 😀

(गंमत हो. माझी बोलेरो अजून आहे, म्हणून हसू येतंय.)

तापीकाठ:

मी जळगावला याच धंद्यात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

कंपनीतून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन असते. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉन. त्याने पाणी घसरतं, चिखल लवकर निघतो, चमक राहते. काट्याला तो काय अडवणार? ज्याने तुम्हाला 'काही होत नाही' सांगितलं त्याने थाप मारली, एवढंच.

पीपीएफ मात्र खरी ढाल आहे. सुमारे २०० मायक्रॉनची लवचिक फिल्म असते. डहाळ्या, पानं, बारीक काटे घासले तर रेघ फिल्मवर येते आणि उन्हाने बरीचशी बुजते. आपल्याकडे उन्हाची कमी नाही. पण बाभळीचा वाळलेला दोन इंची काटा आडवा न घासता टोकाने आला तर फिल्म भोसकतोच. म्हणून पूर्ण गाडीच्या भानगडीत पडू नका. मार लागतो तेवढ्याच जागा करा: दोन्ही दारं, मागचा पत्रा, पुढच्या मडगार्डच्या बाजू. बॉनेट आणि टप सोडा. खर्च निम्म्याच्याही खाली येईल.

चुंबकाचे पत्रे चांगले, पण त्यांचा दुर्गुण तुमच्या ट्यूबसारखाच आहे. खाली एक कण राहिला तरी काचपेपर. लावायच्या आधी पत्रा धुवायचा, पुसायचा, आणि शेतातून आल्यावर काढून ठेवायचे. हे रोज करणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मे महिन्यात ४५ अंशांत काळ्या गाडीवर विसरून राहिले तर खाली डागही धरतो. प्लास्टिकच्या भागांवर तर ते चिकटतच नाहीत.

आहेत त्या सात रेघांवर नख आडवं फिरवून बघा. नख नुसतं घसरलं तर रेघ क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशने जाईल. अडकलं तर पॉलिशचे पैसे वाया, टच-अप लावावा लागेल. आणि तळाशी पत्र्याची चमक दिसत असेल तर पुढच्या पावसाआधी बुजवा, नाहीतर तिथून गंज सुरू.

निळी जिप्सी:

तोरणमाळ, धडगावकडे खूप फिरतो. माझी जिप्सी १५४० मिलिमीटरची, त्यामुळे तुमच्यापेक्षा जवळजवळ एक फूट सुखी.

तारांचं सांगतो. बंपरच्या कोपऱ्यापासून टपावरच्या कॅरिअरपर्यंत दोन्ही बाजूंनी स्टीलची तार ताणायची. फांदी तारेवरून वर सरकते आणि टपावरून मागे जाते. पण ती वाचवते पुढची काच आणि काचेचे खांब. तुमचा मार आहे दारांना, कमरेच्या उंचीला. तिथे तार काही करणार नाही. मी तारेवर ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी ओवली आहे. फांदी छान घसरते, आणि काळी नळी लांबून दिसते तरी. डांबरी लागली की तारा काढतो. दुचाकीवाल्याच्या गळ्याशी खेळ नको. आणि तार बांधायला म्हणून बंपरपुढे बुलबार (लोखंडी नळ्यांचा कठडा) बसवू नका, २०१७ च्या डिसेंबरपासून त्यावर बंदी आहे.

निम्मे ओरखडे हाताने वाचतात. आरसे आधी मिटा. तुमची ती चाबूक फांदी आरसाच ताणतोय, हे तुम्हीच लिहिलंय की! काचा पूर्ण वर, नाहीतर एक दिवस फांदी डोळ्यात येईल. रस्ता अरुंद असेल तर सोबतच्याला खाली उतरवा. त्याने फांदी हाताने धरायची, गाडी पूर्ण पुढे गेली की मगच सोडायची. आणि फांदी अडकली म्हणून झटक्यात रिव्हर्स घेऊ नका. काटे उलटे बसतात आणि पहिल्यापेक्षा खोल जातात.

कचेरीच्या पायऱ्या:

वकिली करतो, म्हणून कायद्याचं थोडं.

वहिवाटीच्या रस्त्यात अडथळा असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. बांधावरून रस्ता मिळण्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण बोरीच्या एका फांदीसाठी भावावर अर्ज टाकाल तर मी तरी तुमचं वकीलपत्र घेणार नाही.

आणखी एक. फांदी छाटणं वेगळं आणि झाड बुंध्यातून पाडणं वेगळं. खैर, अंजन, साग, मोह अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. आणि हौसेने यावल अभयारण्याकडे गाडी नेलीत तर तिथे कुऱ्हाड डिकीतच राहू द्या.

वैशाख:

इतका वेळ सगळे गाडीलाच कपडे घालताहेत म्हणून लिहिते. माझं माहेर अडावदकडचं.

तुमच्या शिवारात बकऱ्या राखणारा कुणी असेलच. त्याला सांगा. बाभळीचा आणि बोरीचा पाला बकऱ्यांना जीव की प्राण. लांब काठीला आकडी लावून तो दोन सकाळींत रस्ता मोकळा करेल आणि वर तुमचेच उपकार मानेल. उरलेल्या काट्या कुणीही कुंपणाला नेईल. फक्त उभं राहून एक बघा: फांदी बुंध्याशी लागूनच छाटली पाहिजे. वीतभर खुंट ठेवला तर तो वाळून खुंटीसारखा कडक होतो. ओली फांदी रंग ओरबाडते, खुंट पत्रा चेपवतो. आमच्या काकांच्या जीपचं दार असंच गेलं.

बोरीला आता हात लावू नका. बोरं धरायची वेळ आहे. चुलतभाऊ चिडेल आणि त्याचं बरोबर असेल. बोरी आमच्याकडे चैत्र-वैशाखातच छाटतात. तोपर्यंत फांदी वर उचलून खोडाला बांधून ठेवा.

शिवारातला:

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कापूस वेचणीला आला होता.

वैशाखताईंचं आधी केलं. बकऱ्यावाला आमच्या गावचाच निघाला. बाभळी आणि हिवर एका बाजूने साफ झाले, दुसरी बाजू चालू आहे. खुंटाचं सांगितलं नसतंत तर त्याने हातहातभर खुंट ठेवलेच होते. पुन्हा छाटायला लावले. नाल्यातली वेडी बाभूळ बकऱ्या शिवत नाहीत, ती मीच कुऱ्हाडीने मागे सारली.

बोरीचं काकूकडून विचारलं. काकूने निरोप आणला, 'छाटायची नाही, बांधायची असली तर बांध.' मी ठिबकची जुनी नळी घेऊन गेलो तर फांदी आधीच बांधलेली. नळी आमच्या घरची नव्हती, आमच्याकडे १६ ची, ही १२ ची. बोलणं अजून नाही. पण काल तो समोरून ट्रॅक्टर घेऊन आला, बांधाला लावून थांबला आणि मला आधी जाऊ दिलं.

आरसे मिटून जातोय. नवी रेघ एकही नाही. फिल्म दोन दारं आणि मागच्या पत्र्यापुरतीच करणार, पण चैत्रातली छाटणी झाल्यावर. सात रेघांपैकी पाचांत नख अडकत नाही, दोनांत अडकतं. ट्यूबने धुरकट केलेलं उजवं दार राहिलं. बाजारात लाल डबीतलं रबिंग कंपाउंड मिळतं, ते घरी हाताने मारू का?

तापीकाठ:

नका मारू. ट्यूबने आधीच क्लिअर कोट खाल्लाय, किती उरलाय ते डोळ्यांनी कळत नाही. त्यावर तुम्ही जोर लावून घासलं तर आतला रंगच फडक्यावर येईल. जळगावला याल तेव्हा गाडी दाखवा. मीटर लावून दारावरच्या रंगाची जाडी बघू. ऐंशी मायक्रॉनच्या वर भरली तर मशीनने हलकं पॉलिश, खाली असेल तर दार रंगवणं बरं. येताना धुऊन आणा, पण कोरड्या फडक्याने पुसू नका.