शब्द वजा केले तर चाल काय करते? अनुभव सांगा

अट एकच: गाण्यातले शब्द बाजूला ठेवून फक्त चालीविषयी लिहा. कुठल्या जागेला घसा दाटून येतो, कुठल्या सुरावटीने डोकं शांत होतं, कुठल्या चालीने उगाच चिडचिड होते. रागाचं नाव माहीत असायलाच हवं असं नाही. ‘अमुक राग ऐका, तमुक आजार बरा करा’ छापाचे ढकलसंदेश मात्र कृपया नकोत. मी नुसती कानसेन आहे, तेव्हा सुरुवात जाणकारांनी करा.

---

जाणकार नाही, पण लिहितोच. भैरवी सुरू झाली की आमच्या बाबांना भूक लागते. विनोद नाही. गावच्या भजनी मंडळात त्यांनी आयुष्यभर टाळ धरला. शेवटी भैरवी, मग आरती, प्रसाद आणि गरम दूध. रे, ग, ध, नी असे चारही कोमल स्वर एकत्र आले की बाकीच्यांचे डोळे पाणावतात, बाबा चपला शोधायला लागतात. परवा सकाळी रेडिओवर कुणीतरी भैरवीतली ठुमरी गात होतं, तर आतून आवाज, “अगं, पोहे झाले का?” भैरवी करुण की शृंगारिक या वादात मी पडत नाही.

---

घरी पेटी असेल तर एक करून बघा. काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. भूप राग झाला. आता काळी पाच सोडून तिच्या डावीकडची पांढरी सहा घ्या, बाकी सगळं तसंच. शुद्ध गंधाराचा (म्हणजे ‘ग’चा) कोमल झाला आणि भूपाचा शिवरंजनी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी नावं न सांगता हे वाजवून दाखवतो. दुसऱ्या वेळी चुळबुळ थांबते. यात त्या गंधाराचा वाटा किती, आणि शिवरंजनीतली रडकी सिनेगीतं लहानपणापासून कानांवर पडल्याचा किती, हे मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही.

अजून एक. तंबोऱ्याचं ॲप काळी पाचला लावून त्याच पाच काळ्या पट्ट्या वाजवा. मालकंस! पट्टी एकही बदलली नाही, नुसता सा हलला.

---

पेटीवाल्या काकांना अनुमोदन. पण सा न हलवताही हे होतं. मारवा, पूरिया, सोहनी हे राग बघा. तिन्हींत रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य. कागदावर फरक शून्य. पूरिया ग-नी धरून मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात रेंगाळतो, सोहनी वरच्या, तार सप्तकात भिरभिरते. मारव्यात मुक्काम रे आणि ध वर. तंबोरा सतत सा म्हणतोय आणि गाणारा त्यालाच चुकवतोय. मारवा शिकताना मी सवयीने सा वर टेकले की बाई टेबलावर टिचकी मारायच्या, “बसस्टॉप नाही तो, पुढे चल.” रियाजाच्या शेवटी मी अक्षरशः वैतागलेली असायचे. आणि मग एकदाचा षड्ज, म्हणजे तो सा, लागला की आपोआप खांदे सैल पडायचे. पुस्तकं मारव्याला उदास म्हणतात. मला तो उदास कधीच वाटला नाही, अस्वस्थ वाटला. दोन्हींत फरक आहे.

---

जपानमधून लिहितोय. इथे दुकानं बंद व्हायच्या वेळी एका जुन्या स्कॉटिश गाण्याची चाल वाजवतात. भूपाचेच पाच स्वर. माझ्या कानाला ती प्रसन्न सकाळ वाटायची, आणि आजूबाजूचे लोक मुकाट्याने काउंटरकडे निघायचे. इथे शाळेच्या निरोप समारंभात हीच चाल गायची प्रथा होती, त्यामुळे ऑफिसातल्या एका बाईंना ती ऐकून भरून येतं म्हणे. आता माझंही तसंच झालंय. सुट्टीत पुण्याला आलो, शेजारी कुणीतरी भूपाचा रियाज करत होतं, तर मला वाटलं आता निघायला हवं. बाबांच्या भुकेचा किस्सा म्हणूनच शंभर टक्के पटला.

---

सगळे सुरांच्या मागे, लयीकडे कुणी बघेना! मी तबला वाजवतो. विलंबित एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या संथ ठेक्यात, गायक तान बाराव्या मात्रेपर्यंत ताणतो तेव्हा समोरची अख्खी रांग श्वास धरून बसलेली मला दिसते. समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर आलं की, माना पडतात, कुणाच्या तरी तोंडून ‘क्या बात!’ निघतं. २०११ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी आवडतं संगीत ऐकणाऱ्यांचे मेंदू तपासले. अंगावर काटा येतो त्या क्षणी तर डोपामिन सुटतंच, पण त्याआधी, नुसती वाट बघतानाही मेंदूच्या दुसऱ्या भागात सुटतं. समेचा आनंद समेच्या आधीच सुरू होतो हे आम्हा ठेकेवाल्यांना प्रयोगशाळेने सांगायची गरज नव्हती, पण बरं वाटलं.

---

या धाग्यावर मी उपराच. मला गाणं ऐकून काहीच होत नाही. कान चांगले आहेत, बेसूर गाणारा ओळखू येतो, पण काटा-बिटा नाही. बायकोला वर्षानुवर्षं वाटायचं मी मुद्दाम करतो. मग २०१४ सालच्या बार्सिलोनाच्या संशोधनाबद्दल वाचलं. अशी धडधाकट माणसं असतात. पैसे जिंकले की त्यांना इतरांसारखाच आनंद होतो, संगीताने होत नाही. लेख तिला वाचायला दिला. ती म्हणाली, “पैशांचं मला माहीतच होतं.”

असो. मुलाचा कीबोर्ड पडून आहे. काळी तीन म्हणजे नक्की कुठली?

---

दोन काळ्यांच्या जोडीनंतर तीन काळ्यांचा गट येतो, त्यातली पहिली. वाजवून झालं की लिहा.

---

वाजवलं. फरक स्वच्छ ऐकू आला. वाईट वगैरे काही वाटलं नाही. बायको मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, आधीचंच वाजव.